पट्टा कापलेली सात हेल्मेटं

चौतीस वर्षांच्या नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणत्या घरफोडीत कोण पंच होता असं विचाराल तर मी गडबडेन. हे एक प्रकरण मात्र जसंच्या तसं लक्षात राहिलं आहे. त्यात दरोडा नव्हता, सुरा-तलवार नव्हती आणि वर्तमानपत्रात चार ओळींपेक्षा मोठी बातमीही आली नाही. तरी निवृत्तीनंतर रिकामा बसलो की आधी तेच आठवतं. त्यातल्या कोणाचंही नाव मी इथे घेणार नाही. ती माणसं अजून इंदूरमध्येच राहतात आणि त्यांना व्हायचा तेवढा त्रास होऊन गेला आहे.

कोरोनाची दुसरी लाट होती. बडा गणपती ते लालबाग या जुन्या भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. आमच्या मध्य प्रदेशात त्याला सगळे टीआय म्हणतात. ठाण्यातली निम्मी माणसं आजारी होती. सकाळची हजेरी अंगणात सहा-सहा फुटांवर उभं राहून व्हायची, मग बॅरिकेडवर रवानगी, आणि दिवसभर एकच काम: बाहेर पडलेल्या माणसाला 'का पडलास' असं विचारायचं. मी त्या दिवसांत भलताच चिडका झालो होतो. लोक खोट्या चिठ्ठ्या घेऊन फिरत होते, आणि खऱ्या गरजेचा माणूस कोणता हे निवडत बसायला आमच्याकडे वेळ नव्हता.

अशातच एका सकाळी लालबागच्या रस्त्यावर पस्तिशीतला एक माणूस मोटरसायकलवरून पडला. तो एका तपासणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होता. घरोघर जाऊन रुग्णांचे नमुने गोळा करणं हे त्याचं काम. रिकाम्या रस्त्यावर कुत्रं आडवं आलं, याने ब्रेक दाबला आणि गाडी घसरली. बॅरिकेडवरच्या आमच्याच शिपायाने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. वेग फार नव्हता, डोक्यावर हेल्मेट होतं, हनुवटीखाली पट्टा लावलेला होता. गुडघा नुसता खरचटला, पण डोक्याला असा मार बसला की माणूस शुद्धीवर येईना. रोजनामच्यात अपघाताची साधी नोंद झाली. कुत्र्यावर गुन्हा दाखल करता येत नाही, त्यामुळे माझ्या दृष्टीने विषय संपला होता.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयातून सर्जनचा फोन आला. ते दिवस असे होते की डॉक्टर स्वतःच्या घरी फोन करत नसत, पोलिसांना कुठून करणार. म्हणून मी लक्ष देऊन ऐकलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की एवढ्या वेगाला आणि डोक्यावर हेल्मेट असताना ही इजा व्हायला नको होती, तेव्हा ते हेल्मेट एकदा कोणीतरी नीट बघावं.

मी मालखान्यातून, म्हणजे जप्त वस्तूंच्या खोलीतून, हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. बाहेरून उजव्या बाजूला ताजा ओरखडा होता. त्याच्याच जरा वर एक मोठं रंगीत स्टिकर होतं. ते नखाने उचकटलं तर खाली दुसरा, जुना ओरखडा निघाला. पट्टा हनुवटीजवळ एकदा तुटून पुन्हा जोडलेला दिसत होता, पण जोड मोठा मजबूत होता. आत एका दुकानाची गोल चिठ्ठी चिकटवलेली होती. दुकान माझ्याच हद्दीतलं, हेल्मेट, रायडिंग जॅकेट, हातमोजे आणि गाडीला लटकवायच्या बॅगा विकणारं.

त्याच दुपारी माझा एक मुखबिर आला. धंद्याने पंक्चरवाला. त्याने खबर दिली, "साहब, वो हेल्मेटवाला घुटने तक शटर उठा के माल दे रहा है. मरे हुओं के हेल्मेट हैं, पट्टा सिल के बेच रहा है." मुखबिराची खबर बहुतेक वेळा अर्धी खरी असते. कोणती अर्धी, हे शोधण्याचाच आम्हाला पगार मिळतो. पण त्या दिवसांत माणसं ऑक्सिजन आणि औषधांचा काळाबाजार करत होती, तेव्हा मेलेल्यांची हेल्मेटं विकणारा कोणी असेल यावर मी चटकन विश्वास ठेवला. संताप आला की तपास सोपा वाटू लागतो, हा माझा जुना दोष आहे.

सकाळी दुकानदाराला बोलावलं. पन्नाशीचा मराठी माणूस. आजोबा रेल्वेत कारकून म्हणून इकडे आले, याने चांगली नोकरी सोडून हौसेने हे दुकान काढलेलं. दहाच दिवसांपूर्वी तो स्वतः रुग्णालयातून सुटला होता आणि दोन पावलं चालला की थांबत होता. ठाण्याच्या अंगणात कडुलिंबाखाली दोन खुर्च्या लांब लांब टाकून आम्ही बसलो. दोघांच्याही तोंडावर मास्क.

मास्कने आमच्या धंद्याचं किती नुकसान केलं हे बाहेरच्यांना कळणार नाही. माणूस खोटं बोलताना डोळे सांभाळतो, पण ओठ सांभाळणं त्याला जमत नाही. मी आयुष्यभर ओठांच्या कोपऱ्याकडे बघून चौकशी केलेली. आता समोर नुसते डोळे, तेही तापाने खोल गेलेले. मग मी त्याच्या हातांकडे बघायचं ठरवलं.

आधी मी धंद्याचं विचारलं. माणसाला त्याच्या कामाबद्दल बोलू दिलं की तो सैल होतो. त्याने सांगितलं की या धंद्याचा हंगाम एप्रिल-मे. जूनमध्ये लडाखला जाणारे सगळे मार्चपासून जॅकेट आणि गुडघ्याची पॅड घ्यायला येतात. दोन वर्षं नेमके तेच महिने शटर बंद. पहिल्या टाळेबंदीत जॅकेट शिवणारा कारागीर गावी निघून गेला तो परत आलाच नाही. त्याच्या जाड कापडाच्या मशीनवर घरच्यांनी मास्क शिवून दिवस काढले. दिल्लीहून माल येणं थांबलं. आणि मजा अशी की ज्यांना शौक होता ते घरी बसले, पण ज्यांना बाहेर पडणं भाग होतं, औषधं पोचवणारे, दूधवाले, रुग्णालयातले कर्मचारी, ते रोज हेल्मेटसाठी फोन करत होते.

मग मी जुन्या हेल्मेटांचा विषय काढला. त्याने जराही न अडखळता उत्तर दिलं. कोणी गाडीवरून पडला की तो जुनं हेल्मेट दुकानात आणून देतो आणि नव्यावर सूट घेतो. ही त्याच्या दुकानाची पहिल्यापासूनची पद्धत होती.

"पडलेलं हेल्मेट आपण परत डोक्यावर चढूच देत नाही साहेब," तो म्हणाला. "ग्राहकाच्या समोर कैचीने पट्टा कापून टाकतो. बाहेरून एकदम चकाचक दिसतं ना, म्हणून तर कापायला लागतं. आतला थर्माकोल एकच मार झेलतो. एकदा दबला की खतम. परत पडाल तर डोक्यावर नुसती टोपी समजा."

कापलेली हेल्मेटं भंगारवाल्याला जात. पण टाळेबंदीत भंगारवालाही येईना, म्हणून ती दुकानाच्या माळ्यावर पोत्यात पडून होती. हे सगळं तो सरळ सांगत होता आणि मला ते खरं वाटत होतं. तेव्हा मी खुर्चीखालून ते हेल्मेट काढून त्याच्या मांडीवर ठेवलं.

त्याने ते उलटं केलं. अस्तर बाजूला सारून आत बोट घातलं आणि एका जागी थांबला. थर्माकोल तिथे बसलेला होता. मग त्याचा अंगठा पट्ट्यावर गेला. जोडावर चौकोनी शिवण होती, चौकोनात फुली, आणि शेवटी दोन-तीन टाके उलटे घेऊन पक्के केलेले. अंगठा त्या चौकोनावरून सावकाश फिरला आणि उलट्या टाक्यांवर येऊन राहिला.

"मीच केलं साहेब," तो शेवटी म्हणाला. "मीच जोडलं, मीच विकलं. लिहून घ्या."

मी विचारलं, आणखी किती विकली? तो म्हणाला, हे एकच. कोणाला विकलं ते आठवतं का? नाही. स्टिकर कोणी लावलं? मीच. त्याने सगळं भराभर कबूल केलं. मी जबाब नोंदवला, गंभीर दुखापतीचं कलम लावून गुन्हा दाखल केला, दुकानाला सील ठोकलं आणि वरिष्ठांना फोन करून कळवलं. आजारपणामुळे त्याला जामिनावर घरी पाठवलं. त्या दिवशी मी घरी जाऊन बरा जेवलोसुद्धा. ही माझी चूक होती आणि ती मी इथे मान्य करतो. खरा गुन्हेगार हप्त्याहप्त्याने कबूल होतो, आधी थोडं, मग आणखी थोडं. एका दमात सगळं अंगावर घेणारा माणूस कोणाच्या तरी पुढे उभा असतो. हे मी नव्या पोरांना शिकवत आलो होतो आणि ऐन वेळी स्वतःच विसरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे मुन्शी, म्हणजे ठाण्याचं लिखाण सांभाळणारे हेड साहेब, केस डायरी लावत बसले होते. ते मितभाषी गृहस्थ, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी दोन कागद माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवले. एक होता तंत्रज्ञाच्या भावाने आणून दिलेला, त्याच्या मोबाइलवरच्या संदेशांचा छापील कागद. हेल्मेट मिळाल्याचा दिवस त्यात होता. दुसरा होता दुकानदाराचा रुग्णालयातून सुटल्याचा कागद, जो त्याने बॅरिकेडवर दाखवण्यासाठी सोबत आणला होता आणि आम्ही त्याची नक्कल ठेवून घेतली होती. हेल्मेट विकलं गेलं त्या दिवशी हा माणूस नाकाला ऑक्सिजनची नळी लावून पडलेला होता.

खोट्या कबुलीचं दुःख नव्हतं, ती आम्हाला रोजची. पण मुखबिराने 'हेल्मेट हैं' असं अनेकवचनात सांगितलं होतं. म्हणजे आणखी हेल्मेटं बाहेर होती, ती घालून माणसं या क्षणी शहरात गाड्या चालवत होती, आणि कोणाच्या डोक्यावर ती आहेत हे ज्याला माहीत नाही त्याचा जबाब घेऊन मी एक सबंध दिवस निवांत घालवला होता.

त्याचा अंगठा त्या शिवणीवर का थांबला होता हे आता कळलं; घरच्या मशीनवर शिवणारी त्याची बायकोच असणार. स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं. एक महिला शिपाई, आमच्याकडच्या भाषेत आरक्षक, बरोबर घेतली आणि त्यांच्या घरी गेलो. दुकानाच्या मागच्याच गल्लीत दोन खोल्या. बाई जाड कापडाच्या मशीनवर मास्क शिवत होत्या. नवरा पलंगावर होता. मला बघून तो उठायला लागला तसं मी हाताने त्याला बसवलं आणि पट्ट्याचा फोटो मोबाइलवर मोठा करून बाईंच्या पुढे धरला. मी एवढंच विचारलं की ही शिवण कोणाची ओळखता येईल का.

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "ही तर माझीच आहे. बॅगांना अशीच तर करते मी," त्या म्हणाल्या, आणि मग जरा काळजीने, "का हो साहेब, सुटली का?"

"नाही," मी म्हणालो. "सुटली नाही."

"मग बरं."

त्या पुन्हा मशीनकडे वळल्या. मी नोकरीत अनेक कबुल्या ऐकल्या, पण एवढी निर्मळ ऐकली नाही आणि एवढी भीतीही मला कधी वाटली नाही. अपघात झाला हे त्यांना माहीत होतं. आपलं दुकान सील झालंय हेही माहीत होतं. पण नवऱ्याने त्यांना सांगितलं होतं की कर्फ्यूत शटर उघडलं म्हणून पोलिसांनी सील केलं. हेल्मेटचा विषय त्याने घरात काढलाच नव्हता.

आता त्याला काढावा लागला. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. त्याने सांगितलं, अडखळत, मध्ये दम घेत. ती हेल्मेटं पट्टा तुटला म्हणून टाकलेली नव्हती. ती आतून मेलेली होती म्हणून त्याने पट्टा कापला होता, कोणी चुकून घालू नये म्हणून. बाईंना वाटलं होतं उलटंच. नवरा ऑक्सिजनवर, माल नाही, आणि फोनवर रोज कोणीतरी म्हणतंय की भाभी, काहीतरी द्या, बाहेर जावं लागतं. माळ्यावरचं पोतं उघडलं तर सात हेल्मेटं, वरून धडधाकट, फक्त पट्टा तुटका. घरात शिवणाऱ्या बाईला तुटका पट्टा दिसला की ती काय करणार? पट्टा लावून दिला, ओरखड्यावर स्टिकर लावलं, घेणाऱ्याला सांगितलंसुद्धा की जुनं आहे पण पट्टा नवीन घातलाय.

"तुम्ही मला कधी बोलले का नाही?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. आवाज चढलेला नव्हता. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि त्यातली अठरा वर्षं तो पुढे दुकानात पट्टे कापत होता आणि त्या मागच्या गल्लीत शिवत होत्या.

मग त्या उठल्या. मास्कच्या कापणीचा जाड कागद होता, त्याच्या पाठीवर मोबाइलमध्ये बघून एकेक नाव लिहायला लागल्या. अक्षर वाचता येईल असं ठेवत होत्या. "अजून सहा जणांकडे आहेत," त्या म्हणाल्या. "आधी यांना थांबवा साहेब, मग मला न्यायचं तिकडे न्या."

माझ्या बरोबरच्या महिला आरक्षकाने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं आणि मलाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. बाईंनी काहीही म्हटलं असतं तरी त्याला किंमत नव्हती. पण आरोपीने दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली, तर तेवढी माहिती पुरावा म्हणून चालते. तो कागद भरत जात होता तसतसा त्यांच्याविरुद्धचा खटला उभा राहत होता. एका शब्दाने मी त्यांना सावध करू शकलो असतो. मी केलं नाही. मी म्हटलं, लवकर लिहा.

चौघं फोनवर लगेच सापडले. गाडी आहे तिथे उभी करा आणि हेल्मेट काढून ठेवा, आम्ही येतो, असं सांगितलं. पाचव्याला पटेना. तो रुग्णालयात सफाईचं काम करायचा. आजवर पोलिसांनी हेल्मेट घाला म्हणून दंड केला होता, आता तेच पोलीस काढा म्हणतात, यात काहीतरी डाव आहे असं त्याला वाटलं. शेवटी बाईंनी फोन घेतला तेव्हा त्याने ऐकलं. सहावा देपालपूरच्या बाजूचा दूधवाला. रोज सकाळी शहरात दूध घालून दुपारी परत जाणारा. त्याचा फोन बंद होता.

वायरलेसवर नाक्याला विचारलं. उत्तर आलं की दुधाच्या टाक्या लावलेली मोटरसायकल दहा मिनिटांपूर्वी पुढे गेली. आम्ही जीप काढली. बाई न विचारता मागे येऊन बसल्या, आणि दूधवाल्याला ओळखणारं दुसरं कोणी नव्हतं म्हणून मीही हरकत घेतली नाही.

देपालपूर रस्त्यावर ऊन नुसतं जाळत होतं. रस्ता मोकळा असल्यामुळे तो बऱ्यापैकी वेगात होता. लांबून रिकाम्या टाक्या दिसल्या तसा मी चालकाला सायरन लावायला सांगितला. दूधवाल्याने मागे वळून पाहिलं आणि गाडी आणखी पळवली. त्याचं बरोबर होतं. दोन आठवडे आम्ही दूधवाल्यांना अडवून पिडत होतो. कर्फ्यूची वेळ टळली की दंड, मास्क नाकाखाली आला की उठाबशा. मागे जीप बघून तो जीव खाऊन पळणार नाही तर काय करणार. दोन्ही बाजूंनी टाक्या हिंदकळत होत्या, गाडी डावी-उजवीकडे जात होती. एका ठिकाणी खडीवरून त्याचं मागचं चाक सरकलं आणि माझ्या तोंडून शिवी निघाली. ज्या पडण्यापासून त्याला वाचवायला आम्ही निघालो होतो, तेच आम्ही घडवून आणत होतो.

मी सायरन बंद करायला लावला. जीप मागे ठेवायला सांगितली. तरी तो थांबेना. तेव्हा बाईंनी मागून ओरडून चालकाला जीप हळूहळू त्याच्या बाजूला न्यायला लावली, तोंडावरचा मास्क खाली ओढला, खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या आणि हात हलवत त्याला नावाने हाक मारू लागल्या. महिला आरक्षकाने त्यांची कंबर धरून ठेवली होती. तिसऱ्या-चौथ्या हाकेला त्याने चेहरा ओळखला. भाभी पोलिसांच्या गाडीत का, म्हणून तो चकित झाला आणि वेग कमी केला. बाभळीखाली गाडी थांबली तेव्हा बाई जीपमधून उतरून धावत गेल्या आणि स्वतःच्या हाताने त्याच्या हनुवटीखालचं बक्कल काढलं. त्या रडत होत्या. तो बिचारा टाक्यांकडे बघत विचारत होता की दुधात काही निघालं का.

त्याचं गाव अजून पंधरा किलोमीटर होतं. हेल्मेट जप्त, दुसरं जवळ नाही. मी त्याला सांगितलं, सायकलच्या वेगाने चल. पुढे तो बोडक्या डोक्याने आणि मागे आमची जीप, असे आम्ही त्याच्या घरापर्यंत गेलो. विनाहेल्मेट माणसाला मी पोलीस बंदोबस्तात घरी पोचवल्याचा तो एकमेव प्रसंग. त्या दिवशी मावळतीच्या आधी सहाही हेल्मेटं पंचनाम्यासह मालखान्यात जमा झाली.

नवव्या दिवशी तो तंत्रज्ञ गेला. शुद्धीवर न येताच गेला. घरी बायको, म्हातारे आईवडील. कलम बदललं, हयगयीने मृत्यूला कारण झाल्याचं लागलं. नवऱ्याची खोटी कबुली मी होती तशी डायरीत लिहिली. आरोपपत्रात आरोपी एकच, आणि मुख्य पुरावा तो मास्कच्या कापणीचा कागद. बाकी माझ्याकडे फारसं काही नव्हतं. त्यांनी तो लिहून दिला नसता तर हे प्रकरण पुढे गेलंच नसतं, असं सरकारी वकील मला स्पष्ट म्हणाले.

तीन वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, साक्षीसाठी समन्स आलं. उलटतपासणीत बचावाच्या वकिलाने सरळ विचारलं की ही यादी आरोपीच्या विरुद्ध वापरली जाईल हे तुम्ही तिला लिहिण्यापूर्वी सांगितलं होतं का. मी म्हणालो, नाही. का नाही? मी म्हणालो, सहा माणसं रस्त्यावर होती, त्या थांबतील अशी मला भीती वाटली. त्याने विचारलं, त्या थांबल्या असत्या असं तुम्हाला आज वाटतं?

"नाही," मी म्हणालो. "आज वाटत नाही."

हाच मला या प्रकरणाने दिलेला धडा. कायद्याने मी चुकलो नव्हतो आणि तशी वेळ पुन्हा आली तर यादी मी पुन्हा मागेन. पण त्यांना कारण सांगून मागेन. नवऱ्याने कारण सांगितलं नाही कारण त्याला त्याची गरज वाटली नाही. मी सांगितलं नाही कारण माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता. दोघांनीही त्यांच्या वतीने परस्पर ठरवून टाकलं. एवढ्या वर्षांत मी किती जणांच्या बाबतीत असं केलं असेल याचा मला हिशेब लागत नाही, आणि याची मला लाज वाटते.

कोर्टाबाहेरच्या व्हरांड्यात त्या बाकावर बसल्या होत्या, नवरा शेजारी. मी मान खाली घालून जात होतो तर त्यांनीच हाक मारली.

"साहेब, ते सहाजण बरे आहेत ना?"

मी हो म्हणालो आणि जिना उतरलो. मला काही माहीत नव्हतं. हेल्मेटं जमा झाल्यानंतर त्या सहांपैकी एकाचीही मी कधी चौकशी केली नव्हती.

पुढचा आठवडाभर मी तेवढंच काम केलं. ठाण्यातल्या जुन्या ओळखीने पत्ते मिळवले. आता हातात वायरलेस नव्हता, गणवेश नव्हता, मुलाच्या स्कूटरवरून एकेकाच्या दारात जाऊन उभा राहिलो. एकजण धंदा बदलून किराणा टाकून बसला होता. एकाला मुलगी झाली होती. एकजण अजूनही औषधंच पोचवत होता. सफाईचं काम करणारा आता त्याच रुग्णालयात वॉर्डमध्ये होता. एकजण सुरतला गेला होता, त्याला शोधायलाच तीन दिवस लागले आणि अखेर फोनवर त्याचा आवाज ऐकला. दूधवाल्याने मला ओळखलं आणि ताक प्यायला लावलं.

पुढच्या तारखेला मला बोलावणं नव्हतं, तरी कोर्टात गेलो. त्या त्याच बाकावर होत्या, नवरा शेजारी. मी शेजारी बसून सांगितलं की मागच्या वेळी मी न बघताच हो म्हटलं होतं, आता बघून आलो आहे. त्यांनी एकेकाचं नाव घेऊन विचारलं. सहाही नावं त्यांना पाठ होती. मी प्रत्येकाचं सांगत गेलो, कोण कुठे आहे, काय करतो, घरी कोण आहे. सहा झाल्यावर त्यांनी सातवं नावही घेतलं, त्या तंत्रज्ञाचं. पुकारा होईपर्यंत आम्ही तिघं तिथे तसेच बसून राहिलो.